मावळतीचा हुकूम

जैबून खालांचं मशीन बंद पडलं तेव्हा ते कुणाला कळलंच नाही.

अभिनंदन मगदूम जेवण आटोपून, हात पुसत नेहमीसारखे शेजारच्या घरी गेले. जयसिंगपूरच्या त्या गल्लीत त्यांना सगळे अण्णा म्हणत. खाला मागच्या खोलीत कॉटवर पडून होत्या. फुप्फुसं कमजोर झाल्यापासून त्यांच्या नाकाला नळी होती आणि उशाशी नुकतंच आलेलं, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन होतं. ते दिवसरात्र घरघरत असायचं.

"काय ओ खाला, आज टीव्ही पण नाही?" अण्णांनी दारातूनच विचारलं.

खालांनी उत्तर दिलं नाही. अण्णा जवळ गेले. खालांचे डोळे अर्धवट मिटलेले होते आणि ओठ जांभळे पडले होते. तेव्हा अण्णांच्या ध्यानात आलं, की खोलीत घरघर नाही. त्यांनी मशीनचं बटण दाबलं. मशीन काही झालंच नाही अशा थाटात सुरू झालं.

थोड्या वेळाने खालांच्या तोंडावर रंग आला. अण्णांनी त्यांना उठवून बसवलं, पाठीला उशी दिली.

"खाला, मशीन कुणी बंद केलं?"

"मी कशाला करू बंद?" खाला दम लागत लागत म्हणाल्या. "मला मरायचं असतं तर नळी काढून फेकली असती. बटण कशाला शोधत बसू?"

त्या आठवड्यात मशीन आणखी दोनदा असंच बंद पडलं. मशीन देणाऱ्या एजन्सीचा माणूस येऊन तपासून गेला. मशीन ठणठणीत होतं. वीज गेली किंवा आत काही बिघडलं तर त्याची शिटी वाजते, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाते. शिटी एकदाही वाजली नव्हती. म्हणजे मशीनच्या हिशेबाने काही बिघडलं नव्हतंच. मालकाने बंद कर म्हटलं, त्याने बंद केलं, इतकंच. पण घरात खाला एकट्या. मग हा मालक कोण?

खालांचा मुलगा मुश्ताक पुण्याहून आला. त्याचं तिकडे फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. आल्या आल्या तो अण्णांना म्हणाला, "मी अम्मीला घेऊन जातो. आमच्या सोसायटीला जनरेटर आहे, खालीच दवाखाना आहे."

"मी येणार नाही," खाला आतून म्हणाल्या. "तुझ्या बाराव्या मजल्यावर मला हाक कोण मारणार? कबुतरं?"

"अम्मी, इथं तू एक दिवस झोपेतच जाशील."

"मग माझ्याच कॉटवर जाईन ना."

मुश्ताकने अण्णांकडे बघितलं. अण्णांनी त्याला अंगणात नेलं. "डॉक्टर प्रवासाबद्दल काय म्हणाले?"

"म्हणाले, शक्यतो हलवू नका. पण इथं ठेवून तरी काय करू?"

"मला थोडे दिवस दे. हे कशानं होतंय ते मी शोधतो."

"अण्णा, एजन्सीच्या माणसाला कळलं नाही. तुम्ही काय इंजिनियर आहात?"

"नाही बाबा. बियाणं विकत होतो. पण शोधल्याबिगर मी बसणार नाही एवढं नक्की."

मुश्ताकने पुढे वाद घातला नाही. अण्णांचं गेलं वर्ष त्याला माहीत होतं. त्यांची बायको पद्मजा मिरजेच्या दवाखान्यात काचेपलीकडे होती आणि अण्णा काचेअलीकडे बाकावर होते. आत जाता येत नव्हतं, काही करता येत नव्हतं. फक्त बसायचं. शेवटी एक नर्स बाहेर आली आणि अण्णांना ती येताना बघूनच कळलं. त्या बाकाबद्दल ते कुणाशी बोलले नाहीत. पण खालांचे जांभळे ओठ बघितल्यापासून त्यांनी मनाशी एक ठरवलं होतं. या वेळी नुसतं बसून राहायचं नाही.

अण्णांच्या घरात पद्मजा अजून होती. म्हणजे तिचे हुकूम होते.

काही वर्षांपूर्वी गल्लीत गृहसंकेत आला, म्हणजे घरातली उपकरणं ठरल्या वेळी आपोआप चालू-बंद करायची सोय. घरात नवीन वायर ओढायची नाही, भिंत फोडायची नाही. विजेची जी जुनी वायर आहे तिच्यावरूनच निरोप पाठवायचा. आपल्या वायरीतली वीज सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होते. त्याच वायरीत दुसरा एक बारीकसा, हजारो पट वेगाने थरथरणारा संकेत सोडता येतो. मोठ्या पाटातून पाणी वाहतंय आणि त्या पाण्यावर वाऱ्याची बारीक लहर उठली आहे, तसं. पाणी पाण्याचं काम करतं, लहर आपला निरोप नेते. मीटरच्या बोर्डात एक डबा असतो, तो या लहरी सोडतो. पंखा, गिझर, फ्रीज, दिवा, प्रत्येकाच्या पोटात एक चिप असते, ती लहर वाचते. प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला घराचा नंबर, मग गटाचा नंबर, मग काम. अमुक घर, स्वयंपाकघराचा गट, बंद. की ते सगळं बंद.

अण्णांना त्यात रस नव्हता. पद्मजाला होता. डबा बसला त्या दिवशी तिने आपलं बोट त्यावर टेकवून नोंदवलं. "तुमचंही बोट द्या," म्हणाली. अण्णा दुकानाच्या गडबडीत होते. "नंतर," म्हणाले. मग ते राहूनच गेलं.

तिने हळूहळू आपली सगळी शिस्त त्या डब्यात घातली. पहाटे गिझर लागायचा. मग पाणी उकळायचं भांडं तापायचं, कारण घरात उकळून गाळलेल्या पाण्याशिवाय चालत नसे. दुपारी मधल्या खोलीतला पंखा मंद व्हायचा, कारण अण्णांना झोपेत गारठा बाधतो. टीव्हीवर भांडणाच्या चर्चा लागल्या की अर्ध्या तासात टीव्ही आपोआप बंद व्हायचा. अण्णा चिडायचे. ती म्हणायची, "त्यांचं भांडण उद्याही असेल. चला, झोपा."

आणि सगळ्यात कडक हुकूम संध्याकाळचा. मगदूम जैन. दिवस मावळायच्या आत जेवण. पद्मजाने ते आयुष्यभर पाळलं, अण्णांनी दुकान असेपर्यंत पाळलंही आणि चुकवलंही. डब्याला गाव माहीत आणि तारीख माहीत, त्यावरून तो रोजची मावळती स्वतः काढायचा. सूर्य टेकला की स्वयंपाकघर बंद. शेगडी, मिक्सर, दिवा, फ्रीज सोडून सगळं. अण्णा दुकानातून उशिरा आले तर अंधाऱ्या स्वयंपाकघरासमोर उभे राहायचे आणि पद्मजा बाहेरून म्हणायची, "सूर्याला सांगा, थांब म्हणून."

ती गेल्यावरही हे सगळं तसंच चालू राहिलं. दुकान त्यांनी विकलं होतं, तरी ते परतायच्या वेळेला फाटकावरचा दिवा लागायचा. टीव्ही बंद व्हायचा. आणि रोज मावळतीला, कालच्यापेक्षा जरा मागे किंवा पुढे, स्वयंपाकघर बंद व्हायचं. अण्णा आता एकदाही उशिरा जेवत नसत.

अण्णांनी आणि मुश्ताकने शोध सुरू केला. प्लग बदलला, बोर्ड बदलला, मशीन दुसऱ्या भिंतीकडे नेलं. दोन संध्याकाळी मशीन बंद पडलं नाही. मुश्ताक म्हणाला, "बोर्डच खराब होता." अण्णांना पटेना. बोर्ड खराब असता तर शिटी वाजली असती.

तिसऱ्या दिवशी ते मिरजेहून स्टॅबिलायझर घेऊन आले. एसटी उशिरा आली. घरात शिरले तेव्हा ऊन भिंतीच्या कडेवर आलं होतं. मुश्ताक खालांपाशी बसलेला होता, म्हणून त्यांनी घाईघाईने भाकरी आणि वांग्याची भाजी वाढून घेतली. दोन घास झाले असतील. तिसरा घास हातात होता आणि दिवा गेला. मावळती झाली होती.

त्याच क्षणी भिंतीपलीकडून मुश्ताकची हाक आली. "अम्मी! अम्मी, जागी हो! मशीन थांबलं!"

अण्णा हातात घास धरून अंधारात तसेच बसून राहिले. मग त्यांनी घास ताटात ठेवला, हात न धुताच ते उठले आणि शेजारी गेले. मशीन पुन्हा सुरू झालं होतं. मुश्ताक घामाघूम झाला होता.

"बाबा रे," अण्णा म्हणाले, "हे माझ्या घरातून होतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीहून गौतमी माने आली. तिशीतली, गृहसंकेतची दुरुस्ती करणारी इंजिनियर. तिने आधी अण्णांच्या मीटरपाशी, मग खालांच्या मीटरपाशी आपलं यंत्र लावलं आणि बराच वेळ आकडे बघितले. मग ती खालांच्या कॉटपाशी खुर्ची ओढून बसली.

"मला आधी हे सांगा, या खोलीत पूर्वी काय होतं?"

"इथं माझी चूल होती," खाला म्हणाल्या. "सून आली तेव्हा स्वयंपाकघर पुढं नेलं."

"म्हणजे मशीन बसवणाऱ्यानं खोलीचा जुना गटच राहू दिला. मशीन स्वतःला स्वयंपाकघर समजतंय. आणि घराचा नंबर या गल्लीत सगळ्यांचा एकच आहे. डबे बसवणाऱ्यांनी बदललाच नाही."

"असं कसं?" मुश्ताक म्हणाला. "मग कुणीही कुणाचाही गिझर लावेल की."

"नाही लावू शकत. प्रत्येक मीटरला गाळणी असते. पन्नासची वीज ती जाऊ देते, वेगाची लहर अडवते. त्यामुळं यांचा निरोप यांच्या घरात, तुमचा तुमच्या घरात. त्या भरवशावर सगळ्यांना एकच नंबर ठेवला. माणसाला चुकीचं वाटतं, पण चालतं." तिने यंत्र मांडीवर उलटं ठेवलं. "फक्त मीटर सोडून दुसरी कुठली वायर दोन घरांमध्ये नसली पाहिजे. आहे का?"

मुश्ताकने अण्णांकडे बघितलं, अण्णांनी खालांकडे. खाला छताकडे बघत होत्या.

"शेवग्यात आहे," शेवटी त्या म्हणाल्या.

गौतमी उठून अंगणात गेली. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीपाशी शेवग्याचं झाड होतं. फांद्यांआडून, सालीच्या रंगाची झालेली एक वायर अण्णांच्या घरातून खालांच्या घरात गेली होती.

ही गोष्ट गल्लीत नवीन नव्हती. गल्लीतल्या घरांना वेगवेगळे फेज. एक फेज गेला की एका बाजूला अंधार आणि शेजारी लखलखाट. मग शेजाऱ्याकडून वायर ओढायची. लग्नात ओढायची, गणपतीत ओढायची, परीक्षा असली की ओढायची. गृहसंकेत आला तेव्हा अशा सगळ्या वायरी कापायला लावल्या होत्या. पद्मजाने आणि खालांनी आपली वायर झाडात लपवली. "कापायला लावतात," पद्मजा म्हणाली होती, "फेज गेल्यावर ते येणार आहेत काय दिवा घेऊन?"

"पण ती चालू नाही," अण्णा म्हणाले. "खालांकडं स्विच आहे. यांचा फेज गेला तरच आम्ही तो खाली करतो. एरवी बंदच असतो."

"तुमच्या विजेसाठी बंद असतो," गौतमी म्हणाली. "संकेतासाठी नाही. स्विच बंद म्हणजे मधे बोटभर हवा. पन्नासच्या विजेला ती हवा म्हणजे भिंत. पण लहर जितकी वेगाची, तितकी ती भिंत पातळ. तुटलेल्या जागेवरून थोडा संकेत पलीकडे झिरपतो. फार क्षीण होतो. एखाद्याकडं मोटर चालू असली तर त्या गोंगाटात बुडूनही जातो."

"चौगुल्यांची पिठाची गिरणी," मुश्ताक म्हणाला. "पहिले दोन दिवस संध्याकाळी ती चालू होती."

"मग त्या दिवशी ऐकू गेलं नसेल. गिरणी बंद असली की ऐकू जातं. आणि हुकूम आला म्हटल्यावर मशीन मुकाट्यानं बंद होतं. त्याच्या दृष्टीनं तो बिघाड नाहीच."

खाला इतका वेळ ऐकत होत्या. त्या हसल्या आणि त्यांना खोकला आला. "म्हणजे पद्मजा रोज मला सांगत होती, खाला, चूल बंद करा."

कुणी हसलं नाही, म्हणून त्याच पुन्हा म्हणाल्या, "अरे, रमजानात उलटं होतं. तिच्या खिडकीतला दिवा गेला की मला कळायचं, रोजा सोडायची वेळ झाली. बांग ऐकू यायच्या आधी ती ओरडायची, खाला, आमचं विझलं, तुमचं पेटवा."

अण्णा खिडकीतून बाहेर बघत होते. "आता करायचं काय ते सांग, पोरी."

"सोपं म्हणजे वायर कापायची."

"इथं फेज किती वेळा जातो माहीत आहे? मशीनची बॅटरी अर्धा तास टिकत नाही. वायर नसली तर त्यांना काय हवा घालायची पंख्यानं? वायर राहणार."

"मशीनचा गट किंवा नंबर बदलायचा तर ते सीलबंद आहे. एजन्सीकडं परत पाठवावं लागेल. दुसरं कधी मिळेल सांगता येत नाही."

"ते नको," मुश्ताक म्हणाला.

"मग तुमच्या डब्यातली ती एक आज्ञा काढायची."

"काढ."

तिघं अण्णांच्या घरी गेले. गौतमीने डब्याचं झाकण उघडलं, बघितलं आणि तशीच उभी राहिली. "याला बोट लागतंय. कुणाचं नोंदवलंय?"

"पद्मजाचं," अण्णा म्हणाले आणि गौतमीला कळलं. ती हळू आवाजात म्हणाली, "मग एकच मार्ग आहे. डबा पूर्ण कोरा करायचा. सगळ्या आज्ञा जातील. मग नवा नंबर घालायचा, तुमचं बोट नोंदवायचं. ज्या कंपनीचा हा डबा ती बंद पडली, त्यामुळं आतलं काही बाहेर काढून ठेवता येत नाही."

"किती आज्ञा आहेत आत?"

"ते डब्यालाच माहीत."

अण्णांनी झाकण स्वतः लावलं. "दुसरं काही बघू. हुकूम मावळतीला निघतो ना? मग मावळतीच्या आधी मी घराचा मेनच बंद करतो. सूर्य पूर्ण गेला की चालू करतो. हुकूम निघणार कसा?"

गौतमीने विचार केला. "चालायला पाहिजे. पण हा डबा जुना आहे, मला याची खात्री नाही. आज कुणीतरी यांच्यापाशी बसा."

"मी आहे," मुश्ताक म्हणाला. त्याने ऑक्सिजनचा सिलिंडर आणून ठेवलाच होता.

संध्याकाळी अण्णा लवकर जेवले. ऊन भिंतीवरून उतरायला लागलं तसा त्यांनी मेन खाली ओढला. घर एकदम गप्प झालं. फ्रीज थांबला, पंखा थांबला. ते मधल्या खोलीत खुर्चीवर बसले. बाहेर तांबडं झालं, मग करडं झालं. पलीकडून मशीनची घरघर येत होती. ती थांबली नाही. अण्णांनी मुद्दाम आणखी वेळ जाऊ दिला. भिंतीपलीकडे मुश्ताक म्हणाला, "चालू आहे, अण्णा. जमलं."

अण्णांच्या छातीवरचं ओझं उतरलं. दोन्ही राहिलं होतं. खालांची हवा राहिली आणि घरातलं तेही राहिलं. रोज थोडा वेळ अंधारात बसायला त्यांची काही हरकत नव्हती. त्यांनी मेन वर केला.

घर जागं झालं. फ्रीज हुंकारला, पंखा फिरला, स्वयंपाकघरातला दिवा लागला. आणि लागून, डोळ्याची पापणी लवावी तसा, विझला.

पलीकडची घरघर थांबली.

"अण्णा!"

मुश्ताक जवळच होता, त्याने बटण दाबलं. खालांना काही झालं नाही. अण्णा धावत तिकडे पोचले. गौतमीला फोन लावला. ती म्हणाली, "डब्याच्या आत स्वतःची छोटी बॅटरी असणार. वीज नसताना जो हुकूम राहून गेला, तो वीज आल्यावर परत पाठवतो तो. वीज गेली तरी कुठलं काम चुकू नये म्हणून तशी सोय केलेली असते."

"चुकू देत नाही," अण्णा म्हणाले. "बरोबर आहे. तिचं कधी काही चुकलं नाही."

खालांनी त्यांना जवळ बोलावलं. "अण्णा, ऐक. मी जाते पुण्याला. कबुतरांशी बोलेन. तू त्या डब्याला हात लावू नको."

"खाला, गप्प बसा."

"तुझ्या घरात तेवढंच राहिलंय तिचं."

"तेवढंच नाही," अण्णा म्हणाले. त्यांनी खिडकीकडे मान केली. बाहेर शेवग्याचा आकार दिसत होता. "ती वायर कुणी ओढली? तुम्ही नुसत्या खाली उभ्या राहून फांदी धरली होती. भिंतीवर कोण चढलं होतं?"

"तीच," खाला म्हणाल्या. "पदर खोचून. तू ओरडत होतास, पडशील म्हणून."

"मग. वायर कापत नाही म्हणजे नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा नेहमीप्रमाणे मधल्या खोलीत आडवे झाले. पंखा मंद झाला. झोप लागली नाही. ते पंख्याकडे बघत पडून राहिले, तो पुन्हा वेगात फिरायला लागेपर्यंत. मग उठले, चूळ भरली आणि गौतमीला फोन केला.

"कोरा कसा करायचा ते सांग. मी करतो."

"मी संध्याकाळपर्यंत येते की. तुम्ही कशाला?"

"मावळतीच्या आत झालं पाहिजे. आणि मीच करतो."

तिने फोनवरून सांगितलं. डब्याच्या खालच्या बाजूला बारीक भोक आहे. त्यात पिन घालून दाबून धरायची. हिरवा दिवा आधी पिवळा होईल, मग तांबडा. तांबडा झाला की सोडायचं. पिवळा असताना सोडलं तर काही जाणार नाही, सगळं परत येईल.

"म्हणजे मधे मन बदललं तर?"

"तर सोडायचं."

अण्णांनी सेफ्टी पिन सरळ केली. सकाळची भाजी आणि भाकरी अजून शेगडीपाशी झाकून ठेवलेली होती, त्यांनी दुपारी काही खाल्लं नव्हतं. मुश्ताक दारात येऊन उभा राहिला. अण्णांनी पिन भोकात घातली आणि दाबली. हिरवा दिवा पिवळा झाला. पिवळा तसाच राहिला. फारच वेळ राहिला. अण्णांचं बोट दुखायला लागलं. फोनमधून गौतमी म्हणाली, "जुना आहे, वेळ घेतोय. सोडू नका."

"सोडत नाही."

दिवा तांबडा झाला.

मग नवा नंबर घातला. डब्याने बोट मागितलं. अण्णांनी उजव्या हाताचं बोट टेकवलं, ज्याच्यावर पिनेचा वळ उठला होता. गौतमी म्हणाली, "आता तुमचा आणि त्यांचा नंबर वेगळा. वायर राहिली तरी तुमचा निरोप मशीन ऐकणार नाही. तुम्हाला हव्या त्या आज्ञा परत घालू या का? संध्याकाळची घालता येईल, तशीच."

"नको."

"अगदी तशीच होईल, अण्णा. काही धोका नाही."

"तशीच झाली तरी ती माझी होणार," अण्णा म्हणाले. "डबा कोराच राहू दे."

ते शेजारी जाऊन खालांच्या कॉटपाशी बसले. मुश्ताक दुसऱ्या बाजूला बसला, हात सिलिंडरवर ठेवून. चौगुल्यांची गिरणी आज बंद होती. ऊन भिंतीच्या कडेवर आलं. तिघेही मशीन ऐकत होते. ऊन कडेवरून सरकलं, शेवग्याच्या शेंड्यावर थोडं राहिलं आणि गेलं. घरघर चालू होती. दूरवर बांग झाली. घरघर चालू होती.

मुश्ताकने सिलिंडरवरचा हात काढला. "अम्मी, मी रविवारी जातो परत. एकटाच."

"जा. आणि येताना बायकोला घेऊन ये, नुसता भांडायला येऊ नको."

अण्णा उठणार, इतक्यात खालांनी त्यांचा हात धरला. त्या खिडकीतून पलीकडे बघत होत्या. "अण्णा, तुझ्या स्वयंपाकघरात दिवा आहे."

अण्णांनी वळून बघितलं. खरंच होता. बाहेर अंधार पडत होता आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा होता. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी बघितलं नव्हतं.

"जेवलास का?" खालांनी विचारलं.

"नाही."

"मग जा, जेव. आज तुला कोण अडवणार?"

अण्णा घरी आले. शेगडीपाशी भाकरी होती, भाजी होती. दिवा लख्ख होता. भूक लागली होती, चांगलीच लागली होती. त्यांनी भाजीवरचं झाकण उचललं, बघितलं आणि पुन्हा नीट बसवलं. मिक्सरचं बटण चालू होतं, ते बंद केलं. शेगडीचं बटण बंद केलं. मग भिंतीपाशी गेले. दिव्याचं बटण कुठं आहे ते त्यांना शोधावं लागलं. या घरात ते बटण त्यांनी कधी दाबलंच नव्हतं. फ्रीजच्या मागे, अर्धं झाकलेलं होतं. त्यांनी हात आत घातला आणि ते दाबलं.

स्वयंपाकघर अंधारलं.

"विझलं का रे?" भिंतीपलीकडून खालांचा आवाज आला.

"विझलं, खाला," अण्णा म्हणाले. "तुमचं चालू राहू दे."